साउंडचं विचारा : कानात बड्स घातले आणि दाद गायब झाली

दिवाळी तोंडावर आलीय, त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी इन-इअरचीच आहेत, म्हणजे गायकाला स्वतःचा आणि साथीचा आवाज थेट कानात ऐकवणाऱ्या बड्सची. पूर्वी हे मोठ्या बँडवाल्यांचं खूळ होतं, आता आपल्याकडे ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही दिवाळी पहाटेला बघा, निदान गायकाच्या कानात तरी काहीतरी असतंच, पण ते का घातलंय आणि घातल्यावर काय काय बदलतं हे कोणी धड सांगत नाही. म्हणून स्पीकर, अँप्लिफायरची पत्रं पुढच्या वेळी घेतो, आज फक्त कान.

प्रश्न : दादा, मी सुगम संगीत आणि अभंग गाते. इतकी वर्षं पायाशी ठेवलेल्या मॉनिटरवरच (आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर) गायले. गेल्या वर्षी घोडबंदर रोडला एका कॉम्प्लेक्समध्ये दिवाळी पहाट होती, तिथे पहिल्यांदा इन-इअर घातलं. पहिली दोन गाणी मडक्यात डोकं घालून गातेय असं वाटलं, समोर माणसं आहेत की नुसत्या खुर्च्या तेच कळेना. साउंडवाल्या मुलाला खूण केली तर त्याने प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले दोन माइक माझ्या कानात सोडले. लोक ऐकू आले नाहीतच, उलट माझाच आवाज आणि तबला थोडा उशिराने परत यायला लागला, लय सुटते की काय अशी भीती वाटली. शेवटी डावा बड काढून गळ्यात टाकला आणि तसाच कार्यक्रम निभावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उजवा कान गुणगुणत होता. यंदा परत तिथेच बोलावलंय. काय करू? – एक गायिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, आधी कानाचं बोलू. ते गुणगुणणं दुसऱ्या दिवशी थांबलं ना? अजूनही मधूनमधून येत असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी ईएनटी डॉक्टरकडे जाऊन कानाची तपासणी करून घ्या, साउंडवाल्याच्या सल्ल्याने कान बरे होत नाहीत.

डावा बड काढलात तिथेच उजव्या कानाचं नुकसान सुरू झालं. दोन्ही कानांनी ऐकताना मेंदू दोघांचा आवाज जोडून घेतो, एकाने तोच आवाज कमी वाटतो, तीन ते सहा डेसिबल तरी, मग आपण नकळत हात कमरेच्या पॅककडे (बडला आवाज देणारी डबी) नेतो आणि व्हॉल्युम वाढवतो. त्यात मोकळ्या डाव्या कानात मेन स्पीकरचा (लोकांकडे तोंड केलेल्या) आणि तबल्याचा आवाज थेट घुसतोय, त्याच्यावर मात करायला आणखी थोडा वाढवतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तुमचा कार्यक्रम अडीच तासांचा. एक बड काढणं ही सगळ्यात वाईट सवय आहे आणि मोठमोठे गायक ती करतात म्हणून ती चांगली होत नाही. घातले तर दोन्ही, नाहीतर दोन्ही काढून सरळ मॉनिटर मागा.

आता मडकं. नीट बसलेला बड बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबल तरी अडवतो, काही कंपन्या बॉक्सवर ३७ सुद्धा छापतात. म्हणजे तबला, टाळ, तानपुरा, लोकांची कुजबुज, पंख्याची घरघर, सगळं भिंतीपलीकडे जातं. आणि उरतं काय तर तुमचा स्वतःचा आवाज जो हाडांतून आतल्या आत कानात पोचतो, आणि कान बंद असल्यामुळे त्यातला खर्जाकडचा भाग बाहेर पडायला वाटच नसते. दोन्ही कानांत बोटं घालून "ऊ" म्हणून बघा, तेच. बड अर्धवट बसला असेल तर हे जास्त होतं, खोलवर नीट बसला की कमी होतं, म्हणून पहिलं काम, बडबरोबर जे तीन-चार साइजचे रबर येतात ते घरी बसून घालून बघा, कार्यक्रमाच्या दिवशी विंगेत नाही. फोमचे मिळाले तर अजून बरं. मोठ्यांदा "ऊ" म्हणा आणि नीट घट्ट बसणाऱ्यांपैकी जो घातल्यावर सगळ्यात कमी घुमतं तो तुमचा.

त्या मुलाने माइक लावले हे त्याने बरोबरच केलं, त्याला ऍम्बियन्स माइक म्हणतात आणि मोठ्या शोमध्ये ते असतातच. कान बंद केल्यावर गेलेला माणसांचा आवाज मोजून परत आत आणायचा एवढंच त्याचं काम. पण तुमच्याकडे फसलं का, तर चारी बाजूंना टॉवर. आपल्याकडच्या हवेत आवाज एका मिलिसेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर जातो असं धरा. समोरची बिल्डिंग स्टेजपासून ३५ मीटरवर असली तर मेन स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून परत यायला जाऊन-येऊन ७० मीटर, म्हणजे २०० मिलिसेकंद. मिनिटाला १५० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची, म्हणजे तबल्याचा प्रत्येक बोल बरोबर दोन मात्रांच्या मध्यावर परत येऊन पडणार, जणू पलीकडच्या गच्चीवर दुसरा कोणीतरी बसून दुगुन करतोय. लय सुटेल नाही तर काय होईल! आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेला माइक म्हणजे त्या बिल्डिंगकडेही तोंड केलेला माइक, त्याला माणूस आणि भिंत यातला फरक कळत नाही.

बरं, हे साउंड चेकला का लक्षात आलं नाही? कारण पहाट. आपल्याकडे २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. कार्यक्रम सहाला सुरू, मग साउंड चेक होतो पाचला, मेन स्पीकर बंद ठेवून, फक्त कानात. ही खरं तर इन-इअरची मोठी सोय आहे, शेजाऱ्यांची झोप न मोडता सगळ्यांचे लेव्हल लागतात. फक्त ऍम्बियन्स तेव्हा लागू शकत नाही, कारण समोर माणूस नाही आणि स्पीकर चालू नाही, त्या माइकमधून पाच वाजता ऐकू येणार काय तर कुत्री आणि झाडूवाला. त्यामुळे तो चॅनल अंदाजाने सेट होतो आणि सहा वाजून पाच मिनिटांनी पहिल्यांदा खरा वाजतो, तोही थेट तुमच्या कानात.

यंदा त्या मुलाला (किंवा जो असेल त्याला) एवढं सांगा. माइक स्टेजच्या पुढच्या कडेला दोन्ही टोकांना लावायचे, पण मेन स्पीकरच्या पुढे नाही, त्यांच्या रेषेच्या मागे, आणि माइकची पाठ स्पीकरकडे येईल असे. साधा कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, सुपरकार्डिऑइड असेल तर त्याची बहिरी बाजू पाठीमागे नसून मागे-तिरकी असते, साधारण १२५ अंशांवर, तसा तो फिरवून घ्यायचा. तोंड थोडं खाली, आठव्या-दहाव्या रांगेवर, समोरच्या तिसऱ्या मजल्यावर नाही. पहिल्या रांगेवर पण नाही, एक तर पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या आणि ते टाळ्या वाजवत नाहीत, आणि दुसरं म्हणजे तिथल्या एखाद्या काकांनी वेफरचं पाकीट उघडलं की ते तुमच्या कानात उघडतं.

मग कॉन्सोलवर, म्हणजे मिक्सरवर, त्या दोन माइकच्या चॅनलना २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकायचं. स्पीकरमागे जो आवाज वळून येतो तो बहुतेक खालचाच असतो, सबवूफरचा, डग्ग्याचा, आणि माणसांच्या टाळ्या आणि "वा" ऐकायला त्याची काही गरज नाही. एवढ्याने निम्मा चिखल जातो.

इथे एक गंमत सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये ऍम्बियन्सचा ट्रॅक उशिरा येत असेल तर आपण कॉम्प्युटरवर तो पुढे ओढून बाकीच्याला जुळवतो, झालं काम. स्टेजवर चालू कार्यक्रमात उशिरा आलेला आवाज लवकर करता येत नाही, फक्त बाकीचं सगळं उशिरा करता येतं, आणि गायिकेच्या कानात तिचाच आवाज उशिरा सोडलात तर ती माइक टाकून निघून जाईल. म्हणून दुसरा उपाय नाही, माइक जवळ ठेवा आणि आवाज कमी ठेवा. मागे मिक्सरजवळ उभा केलेला माइक कानात सोडू नका, वीस मीटरवरून येणारी गोष्ट जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा येते आणि ती दाद वाटत नाही, घोळ वाटतो.

कमी म्हणजे किती? पहिलं गाणं चालू असताना हळूहळू वाढवायचं, तुम्हाला "आता काहीतरी आलं" असं जाणवलं की तुम्ही हात वर करायचा, आणि तिथून त्याने चिमूटभर खाली घ्यायचं. तिथेच राहू दे. गाणं संपलं की टाळ्यांसाठी सहा-आठ डेसिबल वर, निवेदक बोलायला लागला की परत खाली.

आता हे सगळं इंटरनेटवर सापडतं, पण त्यात एक गोष्ट नसते कारण ते व्हिडिओ बनवणारे बहुतेक रॉकवाले असतात. त्यांच्याकडे गाणं चालू आणि प्रेक्षक वेगळे, मग गाणं संपतं आणि प्रेक्षक ओरडतात. त्यामुळे ते सांगतात की ऍम्बियन्सवर कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारी सोय) लावा, त्याला गायकाच्या आवाजाची किल्ली द्या, म्हणजे गायक गायला लागला की ऍम्बियन्स आपोआप दबेल आणि थांबला की वर येईल. छान आहे. पण आपल्याकडे दाद गाणं संपल्यावर येते का? ती समेवर येते, तुमचा आवाज अजून हवेत असतानाच येते, तुम्ही एखादी जागा घेतलीत आणि पाचव्या रांगेतून कोणीतरी "क्या बात है" म्हणालं आणि त्यावर तुम्ही तीच जागा परत वेगळी घेतलीत, हा सगळा व्यवहार गाणं चालू असतानाचा आहे. आणि ते ऑटोमॅटिक नेमकं तेव्हाच दाबून टाकतं! उलट तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की ऍम्बियन्स उसळी मारून वर, परत गायलात की खाली, कोणीतरी कानात धापा टाकतंय असं वाटतं. मी स्वतः हे एका अभंगाच्या कार्यक्रमात लावून बघितलंय आणि दुसऱ्या अभंगाला काढून टाकलंय. फारच लावायचं झालं तर तीन-चार डेसिबलच दाबेल असं लावा, आणि सोडतानाचा वेळ एक सेकंदाच्या आसपास लांब ठेवा.

मला विचाराल तर त्या फेडरवर (आवाज वर-खाली करायच्या दांडीवर) बोट ठेवून बसलेला माणूस हवा, आणि त्याला सम कळायला हवी. आलापात थोडं उघडं, सम येतेय असं दिसलं की एक केस वर, तान सुरू झाली की परत जागेवर. तबला शिकलेली पोरं या कामाला सगळ्यात भारी, त्यांना सांगावं लागत नाही. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला चहा-फराळावर बसवा शेजारी.

आणि दिवाळी आहे म्हणून शेवटचं पण महत्त्वाचं, फटाके. कोणीतरी त्या माइकपासून दहा फुटांवर सुतळी बॉम्ब लावणार, लावणार म्हणजे लावणारच. त्या चॅनलवर कडक लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा) आणि तुमच्या बेल्टपॅकमध्ये लिमिटरचं सेटिंग असेल तर ते पण चालू. हे झाल्याशिवाय बड कानात घालू नका, हट्ट धरा.

प्रश्न : मी तबला वाजवतो. आमच्या ग्रुपचे गायक इन-इअर घालायला लागल्यापासून स्टेजवर आमचं बोलणंच बंद झालंय. पूर्वी नुसतं "लय जरा धरू का" असं पुटपुटलं तरी कळायचं. आता मी हातवारे करतो आणि ते माझ्याकडे बघून हसतात. मागच्या महिन्यात वाशीला तर त्यांनी पट्टी बदलली ते मला तबला जुळवायच्या आत कळलंच नाही. – एक तबलावादक, ऐरोली

उत्तर : भाऊ, ते हसतात म्हणजे त्यांना वाटतं तुम्ही दाद देताय!

यावर साधा इलाज आहे, टॉकबॅक माइक. घरातला जुना डायनॅमिक माइक चालेल, तुमच्या डाव्या हाताला छोट्या स्टँडवर, आणि तो फक्त गायक आणि बाकी साथीदारांच्या कानात जाणार, मेन स्पीकरला त्याचा फेडर पूर्ण खाली, शक्य असेल तर त्या चॅनलचं मेनला जाणारं बटणच बंद. हे बटण बंद केलंय ना हे स्वतः दोनदा विचारा. मी एका कार्यक्रमात हे तपासलं नव्हतं आणि साथीदाराने गायकाला "हे कडवं राहू द्या, पाठ नाहीये तुम्हाला" असं सांगितलेलं सगळ्या हॉलने ऐकलं. हशा झाला, गायकाने सांभाळून नेलं, मानधनाच्या वेळी माझ्याकडे मात्र कोणी बघेना.

माइक सतत उघडा ठेवला तर त्यात तबलाच घुसणार, म्हणून पायाने चालू-बंद करायचा स्विच हवा, गिटारवाल्यांच्या दुकानात माइकसाठीचा मिळतो. तुम्ही मांडी घालून बसता त्यामुळे पायाचा वैताग होतो हे मला माहितीय, तर मग माइकवर स्विच असलेला घ्या, फक्त खटका टक्‌ करून कानात वाजतो का ते आधी बघा. मी काही वादकांना ऑपरेटरवर सोपवलेलं बघितलंय, म्हणजे वादकाने माइककडे मान वळवली की ऑपरेटर उघडतो, पण त्यासाठी ऑपरेटरने मोबाइलमधून डोकं वर काढलेलं असायला हवं.

आणि एक, तुमच्या तबल्याच्या माइकमध्ये आणि गायकाच्या माइकमध्ये स्टेजवरचं थोडं बोलणं आपोआप येतंच. तो आवाज गायकाच्या कानात पोचतोय का ते आधी बघा. पुष्कळ मुलं सगळ्या माइकवर गेट (आवाज हळू झाला की माइक आपोआप बंद करणारी सोय) लावून ठेवतात, स्वच्छ वाटावं म्हणून, आणि मग गायकाला प्रत्येक बोलाच्या मध्ये पोकळी ऐकू येते. गेट काढला की कधी कधी स्टेज परत जिवंत होतं आणि पैसा एक लागत नाही.

प्रश्न : माझा छोटा साउंडचा धंदा आहे. एक्स ३२ कॉन्सोल आहे. ऍम्बियन्ससाठी शॉटगन (लांब नळीचे) माइक घ्यायचे का साधे कंडेन्सर (नाजूक आवाज टिपणारे)? दोन सेट घ्यायचे पैसे नाहीत. पावसाळ्यात टिकतील का? – एक साउंड ऑपरेटर, कळवा

उत्तर : मित्रा, शॉटगन बघायला भारी वाटतो आणि क्लायंटला पण वाटतं की काहीतरी मोठं काम चाललंय, पण तो फक्त वरच्या सुरांत अरुंद ऐकतो, खाली तो जवळपास साध्या माइकसारखाच वागतो, आणि बंद हॉलमध्ये भिंतींच्या परतीच्या आवाजाने तो जरा विचित्र, नळकांड्यातून आल्यासारखा वाजतो. उपवनसारख्या उघड्या जागेत किंवा मैदानात, जिथे माणसं लांब आहेत तिथे त्याचा उपयोग. गडकरी, घाणेकर, वाशीचं भावे, या नाट्यगृहांत तुला छोट्या डायफ्रामचे (आतल्या पडद्याचे) कार्डिऑइड कंडेन्सर पुरतात. तेच माइक उद्या हार्मोनियमला, टाळांना, तानपुऱ्यालाही लागतील, म्हणून एकच सेट घ्यायचा तर तेच घे. ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरने केबलमधूनच माइकला दिलेली वीज) लागतं हे तुला माहितीच असेल, फक्त फँटम चालू-बंद करताना तो चॅनल म्यूट ठेव, कानात जो ठोका बसतो तो माणूस विसरत नाही.

तेही नसतील तर पहिल्या कार्यक्रमाला तुझ्याकडचे दोन साधे व्होकलचे डायनॅमिक माइक लावून बघ. लांबचं नाजूक ऐकायला ते कमी पडतील, गेन बराच वर न्यावा लागेल, पण टाळ्या येतील, आणि क्लायंटला फरक पटला की मग पैसे घाल.

पॅन करताना, म्हणजे कुठला माइक कुठल्या कानात ते ठरवताना, घोळ करू नकोस. माइक स्टेजच्या डाव्या टोकाला म्हणजे गायकाच्या डाव्या हाताला, तो त्याच्या डाव्या कानात. तू समोर मिक्सरवर बसलायस, तुझ्यासाठी ते उजवीकडे दिसतं आणि घाईत उलटं लागतं. मी एकदा नेरूळला लावलं होतं उलटं, उजवीकडून एका आजींनी फर्माईश केली आणि गायक डावीकडच्या लोकांना नमस्कार करून "हो हो, म्हणतो" असं म्हणाला, आजी रुसल्या. आणि हे दोन कान वेगळे द्यायचे तर प्रत्येक माणसाला दोन ऑक्स (मिक्सरमधून कानाकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटा, त्यांनाच मिक्स बस म्हणतात) जातात, तुझ्या कॉन्सोलवर १६ मिक्स बस आहेत म्हणजे आठ जण स्टिरिओ, त्यातला एखादा इफेक्ट्सना गेला की सात. सगळ्यांना स्टिरिओची गरज नसते, ऑक्टोपॅडवाल्याला एकच चालतो, गायकाला मात्र दे, कारण दोन कान वेगळे मिळाले की गर्दी बाजूंना पसरते आणि मध्ये त्याच्या आवाजाला जागा राहते, मग ऍम्बियन्स कमी लेव्हललाही ऐकू येतो.

पावसाळ्याचं म्हणशील तर कंडेन्सर माइकला आपली खाडीकडची दमट हवा आवडत नाही, कॅप्सूलमध्ये ओल गेली की तडतड सुरू होते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि एसी गाडीतून काढल्या काढल्या चालू करू नको, अर्धा तास हवेला सरावू दे. बाहेर वारा असेल तर फोम पुरत नाही, फरवाली टोपी घाल, आमच्याकडे एकाने जुन्या खेळण्यातल्या अस्वलाचं कातडं शिवून घातलं होतं आणि ते चाललं.

प्रश्न : आमचा कॉलेजचा बँड आहे. सगळ्यांकडे ब्लूटूथ बड्स आहेत आणि त्यात बाहेरचं ऐकू येण्याचा मोड पण आहे. मग महागडी इन-इअर सिस्टीम कशाला? – एक विद्यार्थी, खारघर

उत्तर : कारण ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. वरचं टॉवरचं गणित वाच, तेच, फक्त आता टॉवर तुझ्या खिशात आहे. सिनेमा बघताना फोन चित्र पण तेवढंच मागे ठेवतो म्हणून तुला कळत नाही, ड्रम वाजवताना पहिल्या बारला कळेल.

स्वस्तात करायचं तर वायरवालं कर. ड्रमर आणि कीबोर्डवाला जागचे हलत नाहीत, त्यांना छोटा हेडफोन अँप आणि लांब वायर बास. वायरलेस फक्त गाणाऱ्याला, तेही भाड्याने.

बाहेरचं ऐकू येण्याची कल्पना मात्र चुकीची नाहीये, स्टेजसाठी तशी उपकरणं आहेत. शिकागोची सेन्साफोनिक्स, जी मायकेल सँटुची या कानाच्या तज्ज्ञाने काढली, त्यांनी बडमध्येच बारीक माइक बसवले, म्हणजे आवाज तुझ्या कानाच्या जागेवरूनच उचलला जातो आणि किती आत घ्यायचा ते तू ठरवतोस. त्यांच्याशीच संबंधित एएसआय ऑडिओचा थ्रीडीएमई नावाचा सेट त्याच कल्पनेवरचा आहे. दिशा एकदम बरोबर कळते कारण माइक आणि कान एकाच ठिकाणी. तोटा असा की तुझ्या शेजारी झांजा असतील तर त्या पण तेवढ्याच खऱ्या ऐकू येतात. कॉलेजच्या बजेटमध्ये बसणारं नाही, पण कोणाकडे असेल तर एकदा घालून बघ.

प्रश्न : ऍम्बियन्सचे माइक थोडे मेन स्पीकरला पण सोडले तर टाळ्या मोठ्या वाटतील ना? आमच्या संयोजकांचा आग्रह आहे. आणि आम्ही कार्यक्रम लाइव्ह पण दाखवतो, त्यात टाळ्या अजिबात येत नाहीत, गायक रिकाम्या खोलीत गातोय असं वाटतं. – एक कार्यकर्ता, कोपरी

उत्तर : स्पीकरला सोडलेत तर शिट्टी वाजेल, आणि शिट्टी नाही वाजली तरी सगळा आवाज बादलीतून आल्यासारखा होईल. संयोजकांना सांगा टाळ्या मोठ्या हव्या असतील तर गाणी चांगली निवडा.

लाइव्हसाठी मात्र जरूर वापरा, तिथेच त्यांची खरी गरज आहे, कारण मिक्सरमधून सरळ काढलेल्या आवाजात फक्त माइकसमोरचं असतं. आणि लाइव्हमध्ये कानातली अडचण नाही, बघणाऱ्याला सगळंच उशिरा मिळतंय, त्यामुळे मिक्सरचा आवाज ऍम्बियन्सला जुळेल इतका मागे सरकवता येतो. हॉलमध्ये मिक्सरजवळ माइक लावलेत, स्टेजपासून १८ मीटर, तर मिक्सरच्या आवाजाला ५० मिलिसेकंद उशीर द्या, कॅमेऱ्याच्या चित्राशी तेवढा फरक कोणाला दिसत नाही. स्टेजवर कोणालातरी एकदा जोरात टाळी वाजवायला सांगा, ती लाइव्हमध्ये दोनदा ऐकू आली तर आकडा थोडा हलवा, एकदाच ऐकू आली की थांबा. फक्त हा उशीर लाइव्हला जाणाऱ्या बसवरच द्यायचा, चुकून मेनवर किंवा कोणाच्या कानात गेला तर वरच्या नौपाड्याच्या ताई मला परत पत्र लिहितील.